दीपाची खिडकी मिटत नाही

पारनेर

प्रिय दीपा,

फोन केला असता, पण फोनवर तू “बरं, आई” म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून बसले लिहायला.

आपल्या बचत गटाचा हुरडा विशेषांक निघाला. तू शिकवलास तसाच, मोबाईलवर उघडायचा. आगटीच्या चित्रावर बोट टेकलं की खिडकी उघडते आणि कणसं कशी भाजायची ते साळूबाई स्वतःच्या आवाजात सांगते. आठवतं, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून ती पदर सावरून बसली होती? या वेळी सगळ्या खिडक्या मी एकटीनं बसवल्या. उभा जन्म अंगणवाडीत खडू धरला, आता माऊस धरते.

चित्रं मात्र तुझीच घेतली. आता चित्र ज्याचं, त्याचं नाव त्याखाली, हा माझा अंगणवाडीतला नियम. मुखपृष्ठावरच्या हुरड्यानं भरलेल्या पाटीवर एक नवी खिडकी बसवली. तीत तुझा फोटो आणि खाली ओळ: ‘चित्रं दीपाची. खिडक्या उघडायला हिनंच शिकवलं. दीपा माझी आहे.’ अंक गावभर गेला आणि मग कळलं की बाकी सगळ्या खिडक्यांच्या कोपऱ्यात बंद करायची फुली आहे, तुझ्या खिडकीची तेवढी घालायची राहिली. पाटीवर बोट टेकलं की तू येऊन बसतेस ती बसतेसच. साळूबाई रस्त्यातूनच ओरडत आली, “विमलबाई, दीपा बसलीया आन् हालंना!” इतकं हसले गं, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं.

हर्षलचं सृष्टीशी ठरलंय, तुला कळलंच असेल. पोरगी चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण तिकडच्या पाहुण्यांनी अंक पाहिला आणि याचा फोन आला. म्हणाला, आई, कोर्टात आमचं दोघांचं सगळं सुटलंय, तू कशाला धरून बसलीस? मी सांगितलं, “सुटलं ते तुमचं दोघांचं. त्या कागदावर माझी सही कुठं होती?” मग म्हणाला, नाव काढणार नसशील तर साखरपुड्याला येऊ नकोस. म्हटलं, बरं, घरी बसून भाकरी खाईन. पोटचा पोर आहे, लागलं मनाला, खोटं कशाला सांगू. पण काढलं नाही. काढणार नाही.

त्याला काय माहीत? त्याचे वडील गेले तेव्हा तो दिवसकार्य उरकून पुण्याला निघून गेला. मी भिंतीकडं तोंड करून पडून असायची, जेवायलासुद्धा उठत नव्हते. एक दिवस तू उशाशी आलीस आणि म्हणालीस, “आई, हे चित्र उघडत नाही, जरा येऊन बघता का?” मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी उठले. चित्र उघडत होतं गं. तेव्हाच कळलं होतं मला. बोलले नाही, इतकंच. त्या दिवसापासून मी उठलेली आहे.

आणि काल तुझा मेसेज आला. ‘आई, माझं नाव काढा, माझ्यापायी मायलेकांत वाकडं नको.’ त्यासाठी हे पत्र. माझ्या लेकाचं मी ऐकलं नाही, तर तुझं बरं ऐकेन! रविवारी मळ्यात आगटी पेटवतोय, सगळ्या बायका आहेत. नगरहून सकाळची एसटी धर. कोण म्हणून येऊ, असलं काही मनात आणू नकोस, कुणी विचारलंच तर मी आहे उत्तर द्यायला. आणि दीपा, तुझी ही खिडकी काही केल्या बंद होत नाही. जरा येऊन बघतेस का?

कुणी काही म्हणो, तुझीच,
आई