टाकीवर आल्याशिवाय

प्रिय ठमे,

विमान जागेवर पोचायच्या आधीच तू पोचले म्हणून सांगतेस, हे माझं बोलणं परवा फोनवर तू हसण्यावारी नेलंस, म्हणून लिहायला बसलो. लिहिलेलं तरी शेवटपर्यंत वाचशील.

म्हणालीस, बाबा, तुमचा रेडिओच पुढे पळतोय. अगं, रेडिओ म्हणजे काय भिंतीवरचं घड्याळ आहे? तुम्हा वैमानिकांचं बोलणं ऐकायला तो मी स्वतः जोडलाय, कुणाकडे शिकायला न जाता. तरी तुझा मान ठेवून उघडला, तारांचा एकेक टाका तपासला. ठणठणीत आहे. मग वाटलं, डोळेच दगा देत असतील. दुर्बिणीच्या काचा पुसून पुन्हा गच्चीत उभा राहिलो. कपडे वाळत घालता घालता तुझी आई म्हणाली, लेकीवर पाळत ठेवणारा बाप पहिल्यांदाच बघतेय. ठेवतोय पाळत. नाही कशाला म्हणू?

गच्चीतून पाण्याची टाकी सरळ समोर दिसते. उतरायला येणारं विमान टाकीवर पोचलं की विमानतळाच्या मनोऱ्याला कळवतं, आणि मनोरा त्याला उतरायचा नंबर देतो, हे तूच मला समजावलंस. मनोऱ्यातल्या बाईंना सगळी विमानं दिसत नाहीत, तुमच्या शब्दावरच त्या रांग लावतात, हेही तुझंच. शनिवारी सकाळी वर नुसती झुंबड होती. तेवढ्यात तुझा आवाज आला, टाकीवर आहे. स्वच्छ, ठाम, अगदी आईसारखा. आणि टाकीवर होतं कोण? पिवळं विमान. तुझं निळ्या शेपटीचं अजून वीटभट्टीच्या धुराड्यापाशीच!

आधी संशय तुला विमान शिकवणाऱ्या शिक्षकावर गेला. तो माणूस मला पहिल्यापासून पटलेला नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. पण शनिवारी विमानात तू एकटीच होतीस. मग बाकीच्यांवर कान ठेवला, तर सगळेच थोडं थोडं आधी बोलतात. नंबर पुढचा मिळावा म्हणून. तुमच्यात ती रीतच पडलेली दिसते. मात्र पिवळ्यातला माणूस खरं बोलला होता, ठमे. तू टाकीवर आहेस हे ऐकून तो घाबरला, तुला अगदी शेजारी शोधायला लागला आणि तिथून सुटायला त्याने विमान गर्रकन वळवलं, थेट धुराड्याकडे. तू त्याच्या डोक्यावरून गेलीस. तुला तो दिसलासुद्धा नसेल. मला दिसला. दुर्बीण खाली ठेवायचंही सुचलं नाही.

हे मी आईला सांगितलेलं नाही. रविवारी तू तिला पहिल्यांदाच शेजारी बसवून नेणार आहेस. विमानात चढताना फजिती नको, म्हणून ती रोज स्टुलावर चढायचा सराव करतेय. तिला जाऊ नको म्हणायची माझी छाती नाही. तेव्हा रविवारी मी गच्चीत नसेन. टाकीच्या पायथ्याशी, मोकळ्यावर, लाल छत्री उघडून उभा असेन. परत येताना आईला खिडकीतून खाली बघायला सांग. ते बघ तुझे बाबा, असं ती म्हणाली, की मग टाकीवर आहे म्हण. तोवर दहा जण पुढे गेले तरी गप्प बस. तिची नजर चुकायची नाही.

रेडिओ खिशात असेलच.

तुझाच,
छत्रीखालचा बाबा