डॉक्टरवर आईंचा संशय

थळ, शनिवार सकाळ

तीर्थस्वरूप दादास किशोरीचा वाकून नमस्कार. (वाकणं तेवढं पत्रापुरतं, पुढे नेहमीसारखं अरे-तुरेच करणार आहे.) वहिनीच्या गुडघ्याला उतार पडला का? तेल चोळायला सांग आणि पुस्तकांच्या दुकानात दिवसभर उभं राहू देऊ नकोस. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, फक्त सासूबाईंचे डोळे सोडून, आणि पत्राचं कारण तेच आहे.

फोन का नाही केला, विचारशील. फोनवर तू हॅलोच्या आधी खुन्याचं नाव सांगतोस म्हणून. मागे कडवईकरांची कादंबरी माझी अर्धी झाली होती आणि तू बारशाचं आमंत्रण देता देता बोलून गेलास की विष बायकोनेच घातलं. त्या बारशाला मी आले, जेवले, पण मनातून तुला माफ केलेलं नाही. म्हणून हे पत्र भिकूच्या हाती देतेय. त्याचा सुकटीचा टेम्पो आज बोर्लीच्या बाजाराला निघतोय.

तर आईंना मोतीबिंदू झाल्यापासून त्यांची वाचायची पंचाईत झाली. (जन्मभर मासळी विकून आल्यावर पाय पसरून रहस्यकथा वाचणारी बाई ती. तुझ्या मेव्हण्याच्या, विनेशच्या जन्माच्या वेळीही उशाशी निगुडसेंची कादंबरीच होती म्हणे.) मग मी वाचायला लागले. दुपारी मासळी वाळवायच्या खळ्यावर आम्ही जवळा निवडत बसतो तेव्हा मी हात धुऊन पुस्तक धरते आणि माझ्या वाटणीचा जवळा बाकीच्या निवडतात. पहिल्यांदा आम्ही दोघीच होतो, मग शेजारची नीराबाई सरकत सरकत आली, आता अर्धी आळी येते. दादा, पुस्तक एकटीने वाचण्यात मजा आहेच, पण पिस्तूल निघालं की दहाजणींचे हात जवळ्यात थांबतात, ती मजा वेगळी. तुझे कडवईकर इथे चालले नाहीत. त्यांचा इन्स्पेक्टर दर पानाला सिगारेट ओढतो आणि विचार करतो. नीराबाई म्हणाली, ह्याला घरी काम नाय काय? निगुडसे मात्र पहिल्याच पानावर प्रेत देतात. आमचं मत त्यांनाच.

घोटाळाही निगुडसेंनीच केला. तू दिलेल्या 'किल्ल्यातला पाहुणा'च्या पहिल्या भागात एक डोळ्यांचा डॉक्टर आहे, दिसायला देखणा, बोलायला गोड. तो पोलिसांना सांगतो की पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता मी किनाऱ्यावरून वाळूतून चालत समुद्रातल्या किल्ल्यात गेलो. हे वाचलं मात्र, खळ्यावर गलका झाला. पौर्णिमेला दुपारी बाराला भरती असते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चालत जाईल कसा? आईंनी तिथेच निकाल दिला, डॉक्टर खोटं बोलतोय, खून त्यानेच केला. मी म्हटलं, आई, लेखक शहरातले, त्यांना भरती-ओहोटी कळत नसेल. माझ्यावर सगळ्या तुटून पडल्या. निगुडसे चुकतील? शक्यच नाही! आणि पहिला भाग तिथेच संपला.

आता मंगळवारी आईंचं अलिबागला ऑपरेशन आहे. ही तारीख मिळवायला विनेशने बोट सोडून खेपा घातल्यात. परवा शेवटच्या तपासणीला गेलो. डॉक्टर नेमके देखणे आणि गोड बोलणारे. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली, तशी आईंनी शांतपणे विचारलं, "गेल्या पुनवेला दुपारी बाराला तुमी कुठं होतंव?" ते बिचारे म्हणाले, इथेच, ऑपरेशन करत होतो. "कोन साक्षीला हाय?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहिलं. मग आईंनी विचारलं की पुनवेला भरती किती वाजता? ते म्हणाले, आजी, मी सांगलीचा. रिक्षात बसल्यावर आई म्हणाल्या, याला पन ठाव नाय, त्याला पन ठाव नव्हता, मी याच्या हाती सुरी देनार नाय. विनेश म्हणाला, अगं, पुस्तक खोटं असतं. त्यावर त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दादा, मला खरंच काळजी वाटते. उजव्या डोळ्याने तर त्यांना आता मी आणि दाराची चौकट सारखीच दिसते. उशीर झाला तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय.

बाकी सर्व ठीक. वहिनीला सुक्या कोळंबीचे सोडे पाठवलेत, उन्हात ठेवायला सांग.

तुझी,
किशोरी

ता. क. : दुसरा भाग तुझ्याकडे आहे, तो भिकूबरोबर लगेच पाठव. डॉक्टर निर्दोष असेल तर पुस्तक पेपरात बांध, खुनी असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घाल. पिशवी आली तर मी वाचताना खून पुस्तकातल्या बंगल्याच्या माळीबुवावर ढकलीन. माळीबुवाचं वाईट वाटतं, पण मोतीबिंदू काढायचाय. माझी सगळी गंमत जाणार, तेवढं मी सोसते. नाव मात्र कुठेही लिहू नकोस.

ता. क. दुसरा : टेम्पोचं टायर बसलंय, म्हणून आणखी लिहिते. आत्ता भाकरी थापताना आई मागे येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "डाक्टरचा काय नाय गो. डोलं बरं झालं का तू सांगशील, आता तूच वाच. मंग माज्या बाजूला कोन बसंल?" दादा, माझी भाकरी तव्यावर करपली. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर महिनाभर वाचू नका म्हटलंय. मी आईंना सांगितलं, वर्षभर. त्या लगेच उठून पिशवीत लुगडं भरायला लागल्या. मंगळवारी जातोय. तेव्हा निगुडसेंची असतील नसतील तेवढी पाठव. आणि दुसरा भाग पेपरात नको, पिशवीत नको, उघडाच पाठव.