छत्तीस हजार किलोमीटर फिरून आलेला नकार

सोलापूर, सात रस्त्याजवळून,
मंगळवार

रा. रा. जोतिरामदाजी, मुक्काम करकंब, यांना मेहुणा धोंडीराम याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीही नाही. आपला गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? माझी बहीण दगडाबाई बरी असेलच. (आईबापांनी पोरं टिकावीत म्हणून मला धोंडा आणि तिला दगड केलं, आणि आम्ही टिकलो. आता ह्या वयात मी एका फोनमुळं जाईन असं त्यांना काय ठाऊक.) पत्र लिहायचं कारण एवढंच की गेले दहा दिवस मी आपल्याला फोन करतोय आणि आपण उचलत नाही. आमचा उदयसिंह भर समुद्रातल्या जहाजावरून बोलतो तर ऐकू येतं, आणि करकंब सोलापूरपासून दोन तासांवर, मध्ये समुद्र नाही की काही नाही, तरी लागत नाही. आपल्याला राग आला आहे हे मला कळतं. श्रीपूरच्या पाहुण्यांकडे माझ्या सांगण्यावरून आपण नकार घेऊन गेलात आणि त्यांनी आपल्याला चहासुद्धा विचारला नाही, हेही कळलं. पण तो नकार कसा तयार झाला ते कुणी ऐकूनच घेत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. पत्राचा एक फायदा असा की ते मध्ये बोलत नाही.

आपल्याला माहीतच आहे की उदय जहाजावर इंजिनाच्या कामाला आहे. जहाज इतकं जुनं आहे की त्यावर इंटरनेट म्हणजे कप्तानाच्या खोलीत असतं तेवढंच. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, उपग्रहाच्या फोनवरून घरी बोलायचं. पहिल्यांदा फोन आला तेव्हा नंबर एवढा लांबलचक होता की हा बँकेच्या नावानं लुबाडणारा कुणीतरी आहे असं समजून मी तीनदा कापला. चौथ्यांदा उचलून चांगला फैलावर घेतला. पलीकडून थोड्या वेळानं आवाज आला, ‘आबा, मी हाय की.’ तेव्हा मला वाटलं, लुबाडणाऱ्यांनी नाव-गाव शोधून काढलं. मग उदयच्या आईनं फोन घेतला.

हा फोन चालतो कसा, ते आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अवधूत सरांनी मला समजावून सांगितलं. ते पॉलिटेक्निकला शिकवतात, त्यामुळं एकदा सुरू झाले की तास भरेपर्यंत थांबत नाहीत. ते म्हणतात, पृथ्वीच्या कमरेवर, आपल्या दक्षिणेला, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एक उपग्रह आहे. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून बघणाऱ्याला जागच्या जागी टांगल्यासारखा असतो. (आमच्या कचेऱ्यांतले काही लोकही असेच असतात, पण त्यांना कुणी उपग्रह म्हणत नाही.) उदय जहाजावर बोलला की त्याचा आवाज तिथल्या घुमटासारख्या अँटेनातून वर जातो. उपग्रह तो ऐकत नाही, समजून घेत नाही, नुसता खाली फेकतो. खाली परमुलखात एक मोठी थोरली थाळी लावून केंद्र उभारलंय, तिथं तो आवाज पडतो, आणि मग साध्या तारेनं सोलापुरात येतो. आमच्या नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, पण पोराचा आवाज आकाशाला हात लावून सेकंदाच्या आत येतो. सुधारणा झाली नाही असं मी म्हणत नाही.

शिवाय ह्या उपग्रहाचा विभाग ठरलेला आहे, एसटीच्या आगारासारखा. सगळी पृथ्वी त्याची नाही, आपल्या बाजूचा तुकडा तेवढा. त्या तुकड्यावर तो विजेरीसारखे झोत टाकतो, आणि जहाज कुठल्या झोतात आहे ते फोननं आधी कळवावं लागतं. जहाज हद्दीबाहेर गेलं की फोन मुका. तिकडं दुसऱ्याचं आगार.

पहिल्याच फोनला उदय बोलला होता, ‘आकाश मोकळं दिसलं पाहिजे, न्हायतर लागत न्हाय.’ हे तो स्वतःबद्दल बोलत होता असं सर आता म्हणतात. सोलापूरच्या बाजूला फोन साधाच, तो संडासात बसून घेतला तरी चालतो, असंही म्हणतात. पण मी जोखीम का घेऊ? म्हणून दर रविवारी बारा वाजता मी गच्चीवर जातो, दक्षिणेकडं तोंड करून उभा राहतो आणि फोन स्पीकरवर ठेवतो. सोलापूरचं ऊन आपल्याला सांगायला नको. गच्चीवर उदयच्या आईच्या कुरडया वाळत असतात, त्यामुळं पाय कुठं ठेवायचा हा वेगळाच प्रश्न. दोनदा कुरडयांवर उभं राहून बोललो. तिनं ते अजून काढलं नाही, पण काढेल. आणि दक्षिणेकडं तोंड करून शुभ गोष्ट बोलू नये हे मलाही कळतं, पण उपग्रह टांगणाऱ्यांनी ते बघायला नको होतं का?

आता मुद्द्यावर येतो. आवाजाला जायला-यायला वेळ लागतो. आपण प्रश्न विचारायचा, तो वर जाणार, खाली पडणार, उदय ऐकणार, उत्तर पुन्हा वर जाणार. तोवर इकडे सामसूम. सामसूम झाली की मला काळजी वाटते आणि मी पुढचं विचारतो. मार्च महिन्यातल्या एका फोनला मी विचारलं, जेवलास का. काही आवाज नाही. म्हणून विचारलं, ताप-बीप न्हाय ना? तर उत्तर आलं, ‘हो, आत्ताच.’ मी ओरडून विचारलं, औषध घेतलंस का? ‘न्हाय, काय न्हाय.’ अरे, जहाजावर डॉक्टर हाय का? ‘कसलं औषध?’ आणि फोन बंद.

दाजी, आपण बाप आहात. आत्ताच ताप आलाय, औषध घेतलेलं नाही, आणि डॉक्टरचं विचारलं तर पोरगा बरळतोय, ह्यावर आपण काय केलं असतं? मी कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की जहाजावर सर्वजण ठणठणीत आहेत आणि आपण पाणी प्यावं. (बाई, नळाला त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता.) पुढच्या रविवारी उदय म्हणाला की मला तापच नव्हता. तेव्हा बसून मी हिशेब लावला. ‘हो, आत्ताच’ हे जेवणाचं उत्तर होतं. ‘न्हाय’ हे तापाचं. म्हणजे उत्तर येतं ते नेहमी मागच्या प्रश्नाचं. सातवी शिकलेल्या माणसानं काढलेला हा नियम आहे, सरांना जमला नव्हता. सर एवढंच म्हणाले की प्रश्न विचारल्यावर थोडं थांबत जा.

मी दोन्ही केलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण एवढी काळजी कोण घेतं? श्रीपूरच्या श्रावणीचा फोटो आणि माहिती आपण आणलीत, ती उदयनं बंदरात असताना बघितली, आणि जहाज आफ्रिकेच्या खालून हद्दीबाहेर जायच्या आधीचा शेवटचा फोन आला. उदयच्या आईनं माझं कोपर धरलं. ती सोडेल तेव्हाच मी पुढचं बोलायचं असं ठरलं होतं. विचारलं, जेवलास का? ‘हो.’ मुलगी पसंत हाय का? ‘हो.’ दुसरी कुणी मनात न्हाय ना? ‘न्हाय.’ मग तसं कळवू का त्यांना? ‘कळवा.’ एकही शब्द एकमेकांवर पडला नाही. इतका स्वच्छ फोन त्या उपग्रहानं आजवर केला नसेल.

उदयच्या आईनं साखर वाटायला घेतली. मी तिला थांबवलं. म्हटलं, बाई, नियम लाव. दुसरा ‘हो’ हा जेवणाचा. ‘न्हाय’ हे मुलगी पसंत आहे का ह्याचं. आणि ‘कळवा’ हे दुसरी कुणी मनात आहे का ह्याचं, म्हणजे दुसरी कुणीतरी आहे आणि तसं त्यांना कळवा. ती म्हणाली, तुमी थांबला होता की मधे, मग उत्तरं जागेवरच पडली. मी म्हटलं, तुला उपग्रहातलं काय कळतंय. आणि आपल्याला फोन लावून सांगितलं की मुलाला दुसरी पसंत आहे, पाहुण्यांना कळवा. तो फोन मात्र आपण पहिल्या घंटीला उचललात.

जहाज परवाच्या रविवारी पुन्हा हद्दीत आलं. पहिलं वाक्य आलं, ‘आबा, सुपारी कधी फोडायची?’ मी गच्चीवर खालीच बसलो. कुठं बसलो ते विचारू नका. कुरडयांचा आता विषयच संपला.

श्रावणीला श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या कुणीतरी अकलूजचं स्थळ आणलंय, ते सोमवारी बघायला येणार आहे. उदयला मी अजून काही सांगितलेलं नाही. सुपारीचं विचारलं तेव्हा मी हॅलो हॅलो करून फोन लागत नसल्याचं दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा फोन चांगला लागला होता. त्या पोराला मी तोंड काय दाखवू, एवढं सांगा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीची काळजी घ्या.

आपला,
धोंडीराम

ता. क. – सोमवारच्या आत आपण श्रीपूरला जाऊन यावं. मुलीचे वडील भले आहेत, पण त्यांना उपग्रह, झोत, हद्द हे समजावणं आपल्याला जमणार नाही. म्हणून सोपं करून सांगावं, की निरोप ऐकण्यात माझ्याकडून, म्हणजे आपल्याकडून, चूक झाली. आपलं वय बघता कुणी शंका घेणार नाही. माझं नाव काढू नये.

ता. क. दुसरा – गुडघ्याचं विचारलंय त्याचं उत्तर आपण काय द्याल माहीत नाही, पण म्हैस व्याली असेल तर अभिनंदन.

(दाजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून चार ओळी लिहिते. तुमी कुणाची चूक अंगावर घेऊ नका. दगडावन्सं फोन उचलतात, त्यांच्याकडून श्रावणीच्या आईचा नंबर घेतला आणि खरं काय ते सांगितलं. त्या पोट धरून हसल्या, आणि अकलूजकरांना येऊ नका म्हणून कळवते म्हणाल्या. त्याआधी, रविवारी उदयचा फोन आला तेव्हाच, हे खाली बसल्यावर मी फोन उचलून त्याला विचारलं, श्रावणी पसंत हाय ना, आणि गप बसले. त्यानं हो म्हटलं. ह्या घरात तीस वर्षांत प्रश्न विचारून कुणी गप बसलेलं मी बघितलं नव्हतं, उपग्रह तर आत्ता आला. येत्या रविवारी श्रावणी, तिचे आईवडील आणि तुमी दोघं जेवायला या. गाडी तुमीच बघा. उदय माझ्या नंबरवर फोन करणार आहे, आमी स्वयंपाकघरात बसून बोलू. हे त्यांचा फोन घेऊन गच्चीवर दक्षिणेकडं तोंड करून उभे राहतील. राहू देत. मी नव्यानं कुरडया घालणार आहे आणि कावळे लई झालेत. – प्रभा)