डावीकडे तीन बोटं

पालघर
१२ नोव्हेंबर १९६७

प्रिय विश्राम,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. प्रकल्पावरच्या मित्रांबरोबर दर रविवारी कुंभवलीच्या माळावर छर्ऱ्याच्या पिस्तुलाने नेमबाजी करतोस, आता स्वतःचं घ्यायचं आहे, दुकानदाराने तीन दाखवली, त्यातलं कोणतं घेऊ, असं विचारलं आहेस. नाहीतर दसऱ्याला माझ्या कपाटात दिसलेलं जुनं जर्मन पिस्तूल मिळालं तरी चालेल, असंही लिहिलंस. आणि खाली, ‘बाबांना कळू देऊ नकोस.’ चोवीस वर्षांच्या माणसाने बापापासून गोष्टी लपवाव्यात हे मला मुळीच आवडलं नाही. पण विचारलंच आहेस तर नीट उत्तर देते. शेवटपर्यंत वाच, मधूनच दुकानाकडे पळू नकोस.

गॅसच्या नळकांडीवर चालणारं सोडून दे. नळकांड्या मुंबईशिवाय मिळायच्या नाहीत आणि महिनाभरात ते पेटीत पडेल. उरलेली दोन्ही स्प्रिंगची आहेत. दोन्ही एकेक करून हात लांब करून धर आणि साठ आकडे मोज. चाळिसाच्या आत टोक खाली आलं तर ते तुझ्या हाताला जड. नळीला आतून आटे हवेत, गुळगुळीत नळी नको. चाप ओढताना आधी थोडा सैल यावा, एका जागी थांबावा, आणि मग जरासा दाब दिला की सुटावा. अडखळत येणारा चाप नेम बिघडवतो. स्प्रिंग सुटताना पिस्तूल हातात उसळतं, म्हणून मूठ आवळायची नाही. सैल धरायची, आणि रोज सारखीच. पन्नास छर्रे मारून झाल्यावर एकावन्नावा मारावासा वाटला तर ते तुझं पिस्तूल. मौजेसाठीच घेतो आहेस ना? मग मौज वाटली पाहिजे.

आता महत्त्वाचं. घेण्याआधी दुकानदाराला टेबलावर कोंड्याची पिशवी ठेवायला सांग. पिस्तूल तिच्यावर टेकव, दहा पावलांवर कागद लाव आणि पाच छर्रे मार. पिशवीवर टेकवलं की हाताचा दोष उरत नाही, जे दिसतं ते पिस्तुलाचं. पाचही भोकं जवळजवळ असून एका बाजूला सरकलेली असली, तर पिस्तूल चांगलं आहे, फक्त नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून आपण नेम धरतो ती, वाकडी आहे. ती तिथल्या तिथे सरळ करून घे. आपलाच नेम थोडा बाजूला धरून सांभाळून घेऊ नकोस. विश्राम, हे कधीही करू नकोस.

मला हे कुठून कळलं ते आता सांगते. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, अप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ते जर्मन पिस्तूल मुंबईहून चिंचणीच्या वाडीत आणलं. आत्माराम, माझा धाकटा भाऊ आणि तुझा बाप, तेव्हा इंटर सायन्स झाला होता, डॉक्टरीला जायचा होता. पिस्तूल एकच. अप्पा म्हणाले, फांदीला दोऱ्याने सुपारी टांगतो, वीस पावलांवरून जो उडवेल त्याचं पिस्तूल. चार दिवस सराव करा. दुसऱ्याच दिवशी विहिरीच्या काठावर ते माझ्या हातून दगडावर पडलं. माशी उजवीकडे वाकली, तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढ्यानेच छर्रा डावीकडे जाऊ लागला. अप्पांना सांगायची हिंमत झाली नाही. मी नेम थोडा उजवीकडे धरायला शिकले. दोन दिवसांत हात बसला. मग माझ्या लक्षात आलं की आत्मारामला हे ठाऊक नाही, आणि त्याचा सराव वाया जातो आहे, आणि तो स्वतःवरच चिडतो आहे. मला मजा वाटली. वाडीत कामाला येणारी सोमी विहिरीवर होती. तिने पाहिलं होतं. म्हणाली, “बाय, त्याचा नाक वाकला हाय. दादाला सांगितला काय?” मी म्हटलं, सांगेन.

सुपारी स्थिर करायचं काम आमच्या धाकट्या जयवंतीचं. दोरा धरून झोके थांबवायची, “हां, मारा आता, नाहीतर मीच चावून टाकते,” म्हणायची आणि चिकूच्या खोडाआड जायची. खोड सुपारीच्या डावीकडे, वीतभर अंतरावर. पहिली पाळी माझी. सुपारी टच्‌कन फुटली. जयवंती आडून ओरडली, “ताई, मला फुटताना दिसलीच नाही गं.” दुसरी सुपारी बांधली. आत्माराम उभा राहिला. मी त्याच्या शेजारीच होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. आणि जयवंतीने, या वेळी फुटताना दिसावी म्हणून, खोडाआडून डोकं बाहेर काढलं.

पुढचं तुला घरात सांगितलं गेलं तसंच झालं. तुझ्या जयवंती आत्याचा डोळा गेला. आत्माराम नुकताच तापातून उठला होता, त्याचा हात कापला, असं अप्पा म्हणाले, डॉक्टर म्हणाले, आणि आठवडाभरात तो स्वतःही म्हणू लागला. अशा हाताने माणसं कापायची नाहीत, म्हणून डॉक्टरी सोडली आणि वाडी धरली. जेवण झाल्यावर तुझे बाबा उजवा हात डाव्या हातात धरून बसतात. सवय आहे त्यांची, असं तू मला एकदा म्हणाला होतास. ती सवय नाही.

अप्पांनी पिस्तूल खाडीत फेकायला माझ्याकडेच दिलं होतं. मी ते ठेवलं. चौतीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं आणि घरी येऊन त्या कपाटाला कुलूप आहे ना, ते पाहिलं. सोमी अजून शनिवारी भाजी घेऊन येते. ‘सांगितला काय’ असं तिने पुन्हा कधी विचारलं नाही, पण भाजी मोजून झाल्यावर ती क्षणभर थांबते. गेल्या पौषात जयवंती गेली. तिच्या उशाशी तुझे बाबा बसले होते. ती त्यांना म्हणाली, “दादा, सोड की आता तो हात.” मी दारात उभी होते. तेव्हाही बोलले नाही. तेव्हापासून ती मला दिसते. भर दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात, तिसऱ्या खांबाआडून डोकं काढते. सोळा वर्षांची, दोन्ही डोळे शाबूत. फुटताना पाहायचं असतं तिला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. तरी त्या खांबाकडे पाठ करून मी आता बसू शकत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पिस्तूल बाहेर काढलं. चामड्याचा वायसर, आतली हवा अडवणारी चकती, वाळला होता, तो दोन दिवस तेलात भिजवला. काल दुपारी, तू दसऱ्याला इथे विसरून गेलेल्या डबीतले छर्रे घेऊन, कोंड्याच्या पिशवीवर टेकवून, दहा पावलांवरून पाच मारले. नेम बरोबर मध्यावर धरला होता, सरकवला नाही. तो कागद सोबत पाठवते आहे. पाचही भोकं एका सुपारीखाली झाकतील एवढी जवळ आहेत, आणि मध्यापासून डावीकडे तीन बोटं आहेत. पिस्तूल तुला मिळणार नाही. पण हा कागद आणि हे पत्र घेऊन येत्या रविवारी माळावर जाण्याऐवजी चिंचणीला जा आणि दोन्ही तुझ्या बाबांच्या उजव्या हातात दे. समोर उभी राहून सांगायला मला जमलं नाही, म्हणून तुझ्या पिस्तुलाचं निमित्त केलं. वीस पावलांवर या तीन बोटांची सहा होतात, हिशेब त्यांचा ते करतील. मला बहीण म्हणायचं की नाही तेही त्यांचं ते ठरवतील. फक्त एवढं त्यांना मोठ्याने वाचून दाखव : आत्माराम, तुझा हात कापला नव्हता.

तुझीच,
पुष्पलता आत्या