भवानीच्या वेळी घेतलेलं कापड

आये, या हातांनी मी काय काय शिवलं ते आधी सांगतो. शाळेच्या हाफपँटा, मोजता येणार नाहीत इतक्या. रिक्षांच्या गाद्यांची कव्हरं. तुझ्या दोन चोळ्या. त्यातली एक काखेत घट्ट झाली होती आणि तू तरी घातलीस. आणि किल्ट. बँडमधली पोरं बॅगपाइप वाजवताना घालतात तो गुडघ्यापर्यंतचा, चौकड्यांचा लोकरी किल्ट, ज्याला तू शेवटपर्यंत 'बाप्यांचा परकर' म्हणालीस. परकर नाही तो. पुढे एकावर एक दोन सपाट पदर, चुण्या सगळ्या मागे, आणि प्रत्येक चुणी अशी पाडायची की दुमडल्यावरही चौकडी अखंड दिसली पाहिजे. खाली शिलाई नाही, कापडाची मूळ किनार तीच खालची कड. हे मला कुणी शिकवलं नाही. ठाण्याच्या एका शाळेच्या बँडमास्तरांनी पलटणीतला जुना किल्ट आणून दिला, तो मी टाका टाका उसवला आणि होता तसा परत शिवला. पण त्याचं कापड दुकानातून कसं काढायचं, हे तू शिकवलंस, आणि ते शिवण्यापेक्षा अवघड होतं.

मास्तर म्हणाले होते, "नव्या कापडाचा एक शिवून दाखवा. पसंत पडला तर अख्ख्या बँडचं काम तुमचं, नाहीतर मी मुंबईचा माणूस बघतो." ते काम गेलं असतं तर मी जन्मभर हाफपँटाच शिवत बसलो असतो, हे तुलाही माहीत होतं. किल्टच्या कमरपट्ट्यांना लागणाऱ्या बकलांच्या दुकानात आधीच एकाने 'दोन-तीन सुट्टी नाय मिळत, अख्खा डब्बा घे' म्हणून पाठ फिरवली होती. मग संध्याकाळी मी स्टेशनाजवळच्या त्या मोठ्या कापडाच्या दुकानात गेलेलो. काउंटरवरचा तो चिकण्या भांगाचा माणूस मला अजून समोर दिसतो. "स्कर्टचं लेडीजमध्ये, वर जा." मी म्हटलं, लेडीजचं नाही, पुरुषांसाठी आहे. त्याने शेजारच्याला कोपर मारलं. "काय भाऊ, स्वतःलाच काय?" मी सांगितलं की अख्खं थान उलगडा, चौकडी शेवटपर्यंत सरळ आहे का ते बघायचंय. "सात मीटरसाठी थान उलगडू? आणि घडी कोण घालणार, तुझा बाप?" बाप मला आठवतही नव्हता, आये. मी त्याला वाटेल ते बोललो आणि रिकाम्या हाताने कळव्याला आलो.

तू मोरीत मासळीची टोपली घासत बसली आहेस. मी सगळं सांगतो, तू ऐकून घेतेस आणि माझी बाजू घ्यायची सोडून विचारतेस, "कवा गेलतास?"

"संध्याकाळी."

"भर गिऱ्हाइकीत? आरं, तवा कोनी मना धा पापलेटांचे कल्ले उघरून दाखव बोलला, तर मी पन हाकलीन त्याला." मग हात पुसत म्हणतेस, "सकालच्या पारी जायाचं. पयलं, भवानीचं गिऱ्हाईक कोन परत धारीत नाय."

दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधी आपण दोघं त्या दुकानाच्या पायरीवर. शटर वर गेलं तेव्हा शेठ देवाच्या फोटोला उदबत्ती ओवाळत होते. तो चिकण्या भांगाचा मला बघून म्हणाला, "आला बघ स्कर्टवाला." तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. सरळ आत जाऊन गादीवर मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "शेठ, भवानी करायला आलोय. दाखवता, का जाऊ?" शेठनी उदबत्ती खोचली. "जाऊ काय मावशी, बसा. ए, काढ रे थानं."

पहिल्या थानात मधेच चौकडी सरकली होती. दुसऱ्याची किनार चिमटलेली. तिसरं उलगडताना त्या भांगवाल्याचे हात दुखायला लागले असावेत. "मावशी, लग्नाचं कापड पण एवढं बघत नाय कोण."

"लग्नात पुरनं बघतात," तू म्हणालीस. "ह्याला मागनं बघनार."

शेठ एवढे हसले की त्यालाही हसावं लागलं. तिसऱ्याची चौकडी शेवटपर्यंत सरळ होती. तो ते फाडायला निघाला तेव्हा मी थांबवलं, एक धागा ओढून काढला आणि त्या रेघेवर कातरायला लावलं. आपण बाहेर पडलो तेव्हा ऊन चढलं होतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तुझी टोपली तू शेजारणीला देऊन आली होतीस, आणि बाजारात तुझ्या जागेवर तुझी भवानी त्या दिवशी झालीच नाही. मी विचारलं तर म्हणालीस, "झाली ना. तुझ्यासंगं झाली."

मास्तरांनी किल्ट उलटा करून बघितला आणि बाकीच्यांची मापं दिली. सव्वीस जानेवारीला मैदानावर तू पोरांच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस. सगळे पुढून बघत होते.

तू गेल्यावर मी ठाकुर्लीला राहायला आलो, पण कापड त्याच दुकानातून घेतो. तो चिकण्या भांगाचा माणूस आता पिकला. मला बघितलं की न सांगता थान उलगडतो, धागा स्वतः ओढतो आणि दरवेळी तुझं ते मागनं बघायचं बोलणं नव्या पोरांना ऐकवतो. परवा शेठनी मला बसवून घेतलं. "पोटमाळ्यावर बस. मशीन माझं, लाइट माझी, कापड माझं. फक्त आमच्यासाठी शिव." मी नाही म्हटलं. वर बसलो की ते देतील ते कापड घ्यायचं, चौकडी सरकलेली असली तरी 'चालवून घे' ऐकायचं. मला खाली गादीवर बसायचंय, तू बसलेलीस तिथे, आणि 'हे नको, दुसरं दाखवा' म्हणायचंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? मशीनच्या खणात बकलांखाली ठेवतोय. एकच राहिलं. बायको बोलेल म्हणून शेठनी किती देऊ केले ते मी घरी कमी करून सांगितलं, पाच म्हटलं. तुला खरं सांगतो आये, महिना आठ हजार.