भुईआवळ्याचा पेला

घोटी,
३१ ऑगस्ट १९९६

चि. जयरामास अनेक आशीर्वाद, वि. वि.

राखीला आले तेव्हा आशा समोर होती, आईचं काळीज, म्हणून गप्प बसले. तुझ्या महेशचे डोळे पिवळे दिसले. तू म्हणालास, रात्रपाळीचं जागरण. जागरणाने डोळे लाल होतात. ताटात नारळीभात होता आणि पोराने तो नुसता चिवडला, हेही पाहिलं.

तुझ्या कारखान्यात सुटे भाग धुवायच्या टाकीवर तो उभा असतो ना? त्या टाकीचा गोडसर वास मला पार फाटकापर्यंत आला. आत काय ओततोस? डबा स्वतः वाचून कळव. बी.एस्सी. होऊन तीस वर्षं झाली, नाक अजून शाबूत आहे.

लोभ आहेच, उत्तर हवं.
मोहिनीताई


सातपूर,
५ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं नाक म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टरच! डब्यावर कार्बन टेट्राक्लोराइड लिहिलंय. पण घाबरू नकोस. आमच्या लेकीचा, पूजाचा, कॉलेजातला प्रयोग नेमका त्याच्यावरच आहे. उंदरांना आधी भुईआवळ्याच्या पानांचा अर्क पाजतात, मग हेच विष टोचतात, तरी लिव्हर बरंचसं वाचतं. पानांत अँटिऑक्सिडंट असतं म्हणे. काविळीवर आपली आजी तेच द्यायची की!

हे कळल्यापासून टाकीवरच्या माणसाला रोज सकाळी पेलाभर रस देतो. वाफ ओढणारा पंखा बसवणार होतो, तो आता राहू दिला. पावसाची झड येते म्हणून खिडक्या बंदच असतात. महेशला मळमळतं, म्हणून त्याचे दोन पेले केले. तो म्हणतो, पप्पा, मला आता शेपूट फुटेल. म्हणजे थट्टा सुचते आहे, काळजी नसावी.

लोभ वाढवावास.
तुझा जयराम


घोटी,
९ सप्टेंबर

चि. जयरामास आशीर्वाद.

पूजा काल इकडे आली होती. तू रस पाजतोस हे तिला ठाऊकच नव्हतं. ऐकून पोर पांढरी पडली.

उंदरांना विष मोजून आणि मोजकंच टोचतात. महेश ते रोज, पाळीभर, बंद खिडक्यांत ओढतो आहे. आणि वाचलेल्या उंदरांचं पुढे काय होतं, हे तू तिला विचारलंस का? लिव्हर बघायचं तर सगळ्यांनाच मारावं लागतं. त्यातला एकही म्हातारा झालेला नाही.

हे पत्र हातात पडताच टाकी बंद कर. महेशला दवाखान्यात ने, रक्त तपासून घे. गणपतीआधीची ऑर्डर बुडाली तर बुडू दे.

लोभाचं नंतर बघू.
मोहिनीताई


सातपूर,
१३ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच महेशला ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर काही ठाम बोलत नाहीत. कालपासून तो भलतंच बडबडतो, आशाला सिस्टर म्हणून हाक मारतो. ती माझ्याशी बोलत नाही. पूजा तर माझ्याकडे बघतही नाही. मी डब्यातून रस नेला होता, नर्सने तो मोरीत ओतला.

महेशला रस उशिरा सुरू झाला, एवढंच माझं चुकलं असं वाटतं. गणपतीआधी माल द्यायचा शब्द दिलाय, टाकी थांबवता येत नाही. तिथे आता तुमच्या घोटीच्या भागुबाईचा लखन उभा असतो. तुझ्याच शाळेत शिकलेला, नुकतंच लग्न झालंय. त्याला पहिल्या दिवसापासून तीन पेले देतो.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझा जयराम