दिशाच्या फुटबॉलला काळकाईचा कौल

कुडपण, ता. पोलादपूर

चि. सुहास यास,

काशीरामदादाचे आणि तुझ्या आवडीवहिनीचे आशीर्वाद. तिकडे नॉर्वेच्या बर्फात गोठायच्या आत पोचोत. चि. सौ. इंग्रिडलाही सांग. तुझी कंबर कशी आहे? माझं ब्लडप्रेशर तुझ्या लेकीने आल्या दिवसापासून चढवून ठेवलं होतं. ती परत गेल्यावर महाडला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, काका, घरात काही घडलं का? (घडलं. तेच लिहितो आहे. फोनवर तू नुसता 'हो दादा, हो दादा' करतोस आणि तेवढ्यात रेंज जाते.)

दिशाला घ्यायला आम्ही पोलादपूरला स्टँडवर बॅनर घेऊन गेलो. छापणाऱ्याला मी स्पष्ट सांगितलं होतं, फुटबॉल खेळते. त्याने 'आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटपटू' छापून वर बॅटही काढली, कारण खेळाडू म्हटलं की त्याच्याकडे तेवढंच तयार असतं. पोरीने बॅनर अडखळत का होईना वाचला (तू तिला मराठी वाचायला शिकवलंस, हा मला पहिला धक्का) आणि हसत सुटली. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पळायला निघाली. आता आपल्या वाडीत भल्या सकाळी कुणी पळताना दिसलं की माणसं समजायचं ते समजतात. थोड्या वेळाने बघतो तर निम्मी वाडी दारात, बायका पदर डोक्यावर घेऊन आलेल्या, आणि मी ओट्यावर जिवंत बसून चहा पितोय हे पाहून दोघी-तिघींचा चक्क हिरमोड झाला.

मी इतकी वर्षं समजत होतो, पोरगी हौसेने खेळते, नोकरी वेगळी असेल. छे! खेळणं हीच नोकरी. सोळाव्या वर्षी घर सोडून परगावच्या क्लबात राहायला गेली, मधे गुडघ्याचं ऑपरेशन, मग पुन्हा लहान पोरासारखं चालण्यापासून सुरुवात, आणि मागच्या साली तिच्या क्लबाने तिला दुसऱ्या क्लबाला विकलं. विकलं! हे तिने भाकरी मोडता मोडता सांगितलं. आपण गोऱ्हा विकला तर तुझी वहिनी दोन दिवस जेवत नाही. सुहास, तू बाप ना रे? तू कुठे होतास त्या वेळी? (ती म्हणाली, बाबांनी पेढे वाटले. मी पाणी प्यायलो.)

खरा प्रकार पुढेच आहे. तिला नॉर्वेच्या राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. तिकडून खेळली की पुढे इंडियाकडून खेळणं जवळपास संपलं, आणि इंडियाकडून खेळायचं तर तिकडचा पासपोर्ट सोडायचा. हे तिने मला एकट्याला, अंगणात, हळू आवाजात सांगितलं आणि विचारलं, काका, काय करू? शहाणा माणूस गप्प बसला असता. मी गावकी बोलावली.

सयाजी आता गावकीचा अध्यक्ष आहे. त्याने जन्मात फुटबॉल पाहिलेला नाही, तरी सगळ्यांत जास्त तोच बोलला. शेवटी ठरलं, काळकाईला कौल लावायचा. लग्न, विहीर, घराची जागा देवीला विचारून ठरते, मग देश का नाही? कुशाबा गुरवाने पाषाणाला दोन बाजूंना ओली फुलं चिकटवली, उजवं इंडियाचं, डावं नॉर्वेचं. जे आधी पडेल तो देवीचा शब्द. गाऱ्हाण्यात त्याने फुटबॉल, पासपोर्ट, गुडघा, सगळं व्यवस्थित घेतलं. फक्त नॉर्वे कोणत्या बाजूला म्हणून अडला, तेव्हा सयाजीने बेधडक प्रतापगडाकडे बोट दाखवलं.

फुलं काही पडेनात. उन्हं वर आली, माणसं जांभया देऊ लागली. कुशाबा म्हणाला, देवी रुसलीय. या घरची सून लग्न होऊन कधी पाया पडायला आली नाही, देवीची ओटी भरली नाही, आधी सून दाखवा, मग पोरीचं बघू. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच इंग्रिडशी लग्न करून बसलोय. मला वाटलं, चला, मिटलं. पण दिशाने फोन काढला. देवळात रेंज नाही, म्हणून ती समोरच्या कातळावर चढली, आईला व्हिडिओ कॉल लावून सगळं समजावलं आणि फोन गाभाऱ्याच्या दिशेने उंच धरून उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, डोक्यावर पदर हवा. इंग्रिडने लोकरीची टोपी कानापर्यंत ओढली, हात जोडले आणि इतकी खाली वाकली की फोनमध्ये नुसता टोपीचा गोंडा दिसत होता. आवडीने तिच्या नावाने खणानारळाची ओटी भरली. वाडीतली बयाबाई, जिने आजवर माझ्या बायकोलाही बरं म्हटलेलं नाही, ती म्हणाली, "गुणाची हाय गो."

आणि फूल पडलं. डावं.

आपल्या देवीने आपली पोर नॉर्वेला देऊन टाकली! सयाजी म्हणाला, पुन्हा लावा. कुशाबा भडकला. "आपल्याला पायजे तेच मिळंपर्यंत इचारायचं, तर देवी कशाला हवी?"

दिशा कातळावर बसून रडत होती. मला वाटलं, इंडिया हुकली म्हणून. घरी आल्यावर जे कळलं ते बसून वाच. तिने नॉर्वेला होकार इकडे यायच्या आधीच कळवला होता! ती विचारायला नव्हे, सांगायला आली होती, पण माझ्यासमोर धीर होईना म्हणून 'काय करू' म्हणाली, आणि मी अख्खा गाव गोळा केला. मी म्हटलं, उजवं पडलं असतं तर? म्हणाली, तोंड दाखवायला पुन्हा आले नसते. मग खाली बघत म्हणाली, "काका, आता मी इथली नाही ना?" एसटीच्या अख्ख्या नोकरीत एकाही पॅसेंजरला मी उत्तर द्यायचा राहिलो नाही. त्या दिवशी मात्र उठलो आणि गोठ्यात जाऊन बसलो.

असो. थंडीला जपून राहा, कंबरेला शेक दे.

तुझा,
काशीरामदादा

ता. क. : सयाजीला नॉर्वेचा टी-शर्ट हवाय. म्हणतो, आता तो देवीचाच संघ. पोट लक्षात ठेवून माप घे.

ता. क. दुसरा : परवा कुशाबाला एकट्याला गाठून विचारलं, डावीकडचं फूल जरा कमी ओलं होतं का रे? तो म्हणाला, "पोरीचं तोंड बघितलं व्हतंस का तू?" आणि चालू पडला. हे सयाजीला कळता कामा नये.

ता. क. तिसरा : ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. शिमग्यात पालखी तुझं घर बंद म्हणून दारावरून पुढे जाते, तुला ठाऊक आहे. दिशा निघायच्या आदल्या दिवशी मी गावकीत उठून म्हटलं, त्या दाराला पोरीचं नाव लावा, पालखी तिच्या नावाने थांबेल. लेकीच्या नावाने आजवर कुणाच्या दारात थांबलेली नाही. फार आरडाओरडा झाला. बयाबाई पुरुषांच्या बैठकीत घुसली आणि एकेकाला झाडून काढलं. शेवटी लावलं नाव. दिशा जीपमध्ये बसल्यावर मी तिला हे सांगितलं आणि तिने मान हलवली. पण मी घाईत बोललो, आपल्या बोलीत बोललो, आणि खरं सांगायचं तर रडत बोललो रे, तिला किती कळलं देव जाणे. तू तिला तिच्या भाषेत नीट सांग. आजच सांग.